अकराव्या खांबापाशी

ईश्वरप्पाची गोष्ट मी आजवर पंधरा-वीस जणांना तरी सांगितली असेल, आणि दरवेळी हसत सुरू केली. माझा स्वभावच तसा. गावच्या शाळेत चौथीपर्यंत बसलो, बाकीचं सगळं ओट्यावर बसून शिकलो, आणि बोलायला कुणी भेटलं की मला तहानभूक राहत नाही. पण ही गोष्ट निम्म्यात आली की माझंच हसू जातं आणि समोरचा उगीच चहा मागवतो. म्हणून या खेपेला लिहून काढतोय. लिहिताना हसू गेलं तरी कुणाला दिसत नाही.

ईश्वरप्पा औशाच्या मोंढ्यातला, धान्यबाजारातला मापाडी. चाळीस वर्षं त्यानं लोकांचा माल मोजला. माझी तूर, माझं सोयाबीन त्याच्याच तोंडून मोजलं गेलं. आधी बापाच्या मागं खळ्यांवर पायलीनं ज्वारी मोजायचा, पुढं मोंढ्यात काट्यावर पोती. त्याची मोजायची रीत जुनी. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि दुसरं माप भरेस्तोवर पहिल्याचा आकडा तोंडातून सोडायचा नाही. "बारा रे बारा, बारा रे बारा" असं चालीवर म्हणत राहायचं, माप पालथं झालं की मगच "तेरा रे तेरा". तोंडात आकडा असला म्हणजे डोक्यातून सांडत नाही. आणि मापाडी मोजत असताना त्याला कुणी टोकायचं नाही. बाप मेला तरी सांगायचं नाही, असं आम्ही म्हणायचो.

तसं एकदा झालंच होतं, फक्त उलटं. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा शेजारचा पोरगा मोंढ्यात पळत आला, म्हणाला, अप्पा, मुलगी झाली. अप्पा पोत्यांची थप्पी मोजत होता. त्यानं मान हलवली आणि "एकोणचाळीस रे एकोणचाळीस" चालूच ठेवलं. साठ पोती संपल्यावर वळून विचारलं, काय म्हणत होतास? त्याची बायको जिवंत असेपर्यंत टोमणा मारायची, माझ्या जयापेक्षा एकोणचाळीस थोरलं हाय या घरात.

ती जया आता लातूरला असते. नवरा अपघातात गेला तेव्हा तिच्या पदरात दोन वर्षांची शिवकन्या होती. लातुरात शिकवणीला आलेल्या पोरींचं एक वसतिगृह आहे, तिथल्या मेसमध्ये ती स्वयंपाकाला लागली. पहाटे चारला पोहे, रात्री दहाला शेवटची पंगत, राहायचं तिथंच. लेकराला ठेवायची सोय नाही. तेव्हा शिरूर अनंतपाळचा तिचा दीर बजरंग म्हणाला होता, पोर आमच्याकडं द्या, वर्षाराणी सांभाळंल. अप्पा ऐकेना. बायको गेल्यापासून घरात एकटाच होता. शेवटी जयानं एकच अट घातली: अप्पा, तुम्हाला झेपतंय तवर ती इथं. ज्या दिवशी झेपायचं न्हाई, त्या दिवशी शिरूर.

"मी हाय की," अप्पा म्हणाला. एवढंच.

तीन वर्षं झेपलं. जया दर रविवारी यायची, पोरीची वेणी घालायची, संध्याकाळच्या बसनं परत. शिवकन्या पाच वर्षांची झाली. आमच्या भागातल्या अंगणवाडीत दीपमालाताई आहेत, त्यांनी गेल्या वर्षी पालकांचा ग्रुप काढला आणि त्यावर घरी करून घ्यायचा अभ्यास टाकायला लागल्या. अप्पाकडं बटणाचा फोन. त्यामुळं माझ्या सुनेच्या फोनवरून मी वाचायचो आणि भिंतीपलीकडं जाऊन अप्पाला सांगायचो. तूर, मूग, हरभरा एकत्र करून पोरांकडून निवडून घ्या. दोन तांबे ठेवा, कुठल्यात जास्त पाणी मावतं ते विचारा. जेवताना ताटं मांडायला लावा, माणसं किती, ताटं किती.

अप्पाला काय आनंद झाला म्हणून सांगू. चाळीस वर्षं केलेल्या कामाचं आता शाळेत पुस्तक झालंय असं त्याला वाटलं. माळ्यावरचं जुनं मापटं काढून घासलं, आणि रोज संध्याकाळी ओसरीवर दोघांचा मोंढा भरायला लागला. पोर मापटं भरायची, हा चालीवर आकडा धरायचा, तिनं पालथं केलं की पुढचा. मी बाजेवर बसून बघायचो आणि मधेमधे जुन्या गोष्टी घालायचो. एकोणचाळीसची गोष्ट तर पोरीनं माझ्याकडून दहा वेळा ऐकली असेल. दर वेळी ती अप्पाकडं असं बघायची, जसं काय त्यानं वाघ मारलाय.

अंगणवाडीत ती "लाभ, दोन, तीन" म्हणाली तेव्हा ताई हसत अप्पाकडं आल्या. अप्पा म्हणाला, ताई, घरी लाभ, शाळेत एक, ती दोन्ही शिकंल. आणि शिकली. डिसेंबरात पन्नासपर्यंत गेली, संक्रांतीला शंभर. ताई म्हणायच्या, म्हणून दाखवणारी पोरं पुष्कळ आहेत, पण वस्तूवर बोट ठेवून मोजणारी ही एकच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी जया माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली.

"काका, अप्पा बरे हायत न्हवं?"

मी विचारलं, का गं? ती म्हणाली, सकाळी भाकरी मोजत होते. तीनच होत्या. तीन रे तीन, तीन रे तीन, किती वेळ तेच. मी तवा उतरवला, भांडी घासली, तरी तीनच.

मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, पोरी, मापाड्याची लेक तू, मला विचारतीस? चाळीस वर्षांची सवय हाय ती, जाती व्हय? आणि लगेच तिला खळ्यावरची एक गोष्ट सांगितली, मग दुसरी. ती हसली. हसत बस पकडायला गेली. त्या दिवशी मी पाच मिनिटं तोंड बंद ठेवून तिचं ऐकलं असतं तर तिनं आणखी काय काय सांगितलं असतं, कुणाला ठाऊक. आमटीत दोनदा मीठ पडलेलं तिला दिसलं होतं. ते तिनं मला नंतर सांगितलं, एप्रिलात.

मार्चमध्ये ताईंचा नवा अभ्यास आला: रस्त्यानं जाताना झाडं, पायऱ्या, खांब मोजून घ्या. मीच वाचून दाखवला. अंगणवाडीपासून घरापर्यंत विजेचे एकवीस खांब आहेत हे मला सत्तर वर्षांत माहीत नव्हतं, त्या दोघांमुळं कळलं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एकच आकडा चालीवर, खांबाला हात लावला की पुढचा. गल्लीतले लोक थांबून बघायचे. दुकानदार हाक मारायचे, अप्पा, आज किती भरले? अप्पा मान हलवायचा, तोंडातला आकडा सोडायचा नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ऊन असं की डांबर मऊ पडलं होतं. अकराच्या सुमाराला मी सायकलला ज्वारीचा डबा लावून गिरणीला निघालो होतो. बंद पडलेल्या जिनिंग मिलची लांब भिंत आहे, तिथं सावली म्हणून नाही, आणि उन्हाच्या वेळी माणूसही क्वचित. त्या भिंतीपाशी अकराव्या खांबाला हात लावून अप्पा उभा होता. पोरीनं त्याचं बोट धरलं होतं. "अकरा रे अकरा," तो म्हणत होता.

मी सायकलवरूनच ओरडलो, "अप्पा, शाळा जोरात चालू हाय की."

त्यानं मान हलवली. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं गेलो.

गिरणीत लाईट नव्हती. चार माणसं बसलेली होती, मग काय. मी माझ्या लग्नातली गोष्ट सांगितली, बैल उधळल्याची सांगितली. लाईट आली, दळण झालं, परत निघालो तेव्हा एक वाजून गेला होता.

अप्पा तिथंच उभा होता. हात खांबावरच. आवाज बसला होता, ओठ नुसते हलत होते, पण जवळ गेल्यावर कळलं, अकराच. शिवकन्या खांबाच्या बुडाशी बसली होती, तोंड लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले. बोट तिनं सोडलं नव्हतं.

डबा, सायकल तिथंच टाकली. पोरीला खांद्यावर घेतलं, अप्पाच्या दंडाला धरून ओढलं, रिक्षा थांबवली. दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास झाला असता तर सांगता आलं नसतं. अप्पाला पाणी पाजलं, बाकावर बसवलं. तासाभरानं तो माणसांत आला आणि मला विचारू लागला, शेषेराव, कोण आजारी हाय?

संध्याकाळी पोरीला जरा हुशारी आली. मी तिच्या उशाशी बसलो होतो. विचारलं, बाळा, तू घरी का न्हाई गेलीस? कुणाला हाक का न्हाई मारलीस? मी गेलो तिथनं, मला तरी म्हणायचं.

"अप्पा मोजत हुते," ती म्हणाली. "मधी बोलायचं नसतंय. तुम्हाला बी ठाऊक हाय की."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग तिनंच सांगितलं. अप्पा रोजच थांबतात. ओसरीवर मापटं भरलेलं असतं, तरी आकडा पुढं जात नाही. मग ती त्यांचं बोट हळूच दाबते. दाबलं की अप्पा पुढचा आकडा घेतात.

"आज लई दाबलं," ती म्हणाली.

म्हणजे रोज संध्याकाळी मी बाजेवर बसून जो मोंढा बघत होतो, तो ती पाच वर्षांची पोर चालवत होती. माझ्या डोळ्यांसमोर. मला चाल तेवढी ऐकू येत होती.

जया रात्रीच्या गाडीनं आली. तिला मी सगळं सांगितलं, फेब्रुवारीत मी हसलो होतो तेसुद्धा. वाटलं, चार शब्द बोलेल. बोलली नाही. एवढंच म्हणाली, काका, मला बी हसायचंच हुतं त्या दिवशी, म्हणून तर तुमच्याकडं आले.

दोन दिवसांनी ती अप्पाला लातूरच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तिथं डॉक्टरांनी त्याला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात कमी करायला लावले. माझ्या समोरची गोष्ट नाही, जयानं सांगितलेली. ज्या माणसाच्या आकड्यावर चार तालुक्यांनी कधी वाद घातला नाही, तो त्र्याण्णवपाशी थांबला आणि लेकीच्या तोंडाकडं बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, हा विसर आता वाढतच जाणार. गोळ्यांनी थोडा धीमा पडेल. लहान पोर यांच्या भरवशावर ठेवू नका.

घरी आल्यावर अप्पानं स्वतःच विषय काढला. मी होतो तिथं. जया मान खाली घालून भिंतीला टेकली होती. तिला बोलायला लागू नये म्हणूनच तो बोलला असावा.

"बजरंगला फोन लाव," तो म्हणाला. "मला झेपायचं न्हाई आता."

जया म्हणाली, अप्पा, मी दुसरी नोकरी बघते, खोली करते. तो म्हणाला, बघ, पण तवर पोर उन्हात उभी नको. पुढं त्यानं माझ्याकडं वळून एक काम सांगितलं. दीपमालाताईंकडून कागद आण. पोरीला काय काय येतं ते त्यावर लिहून पाहिजे. नाहीतर शिरूरच्या शाळेत तिला नवीन समजून मागं बसवायचे.

ताईंनी लगेच लिहून दिला. शंभरपर्यंत अंक म्हणते. पन्नासपर्यंत वस्तू मोजते. कमी-जास्त, लहान-मोठे ओळखते. दहाच्या आतली बेरीज वस्तू घेऊन करते. मी वाचून दाखवलं. अप्पा म्हणाला, परत वाच. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा मला कळेना, त्याला ऐकायचंय म्हणून की आधीचं वाचलेलं निसटलं म्हणून. मी विचारलं नाही. वाचलं.

शिवकन्येला गावाला जायचंय एवढंच सांगितलं होतं. पण पोरांना कळतं. बजरंग आला त्या सकाळी ती आतल्या खोलीतून बाहेरच येईना. शेवटी अप्पा आत गेला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले, तिनं तोंड धुतलेलं होतं. बजरंग चांगला माणूस आहे, तिच्यासाठी नवी पाटी घेऊन आला होता. ती तिनं घेतली, काका म्हणून त्याच्या पाया पडली, आणि स्टँडवर जाईपर्यंत रडली नाही. बसमध्ये बसल्यावर तिनं खिडकीतून अप्पाला विचारलं, "आता तुमचं बोट कोण दाबंल?"

अप्पा म्हणाला, "शेषेराव हाय की."

त्यानं हे माझ्याकडं न बघता म्हटलं, आणि गाडी निघाली.

तेव्हापासून दोन वेळचं जेवण मी नेतो. सून करून देते, तिची कुरकुर नाही. गोळ्या मीच देतो. घरात तो काही मोजायला लागला की मी त्याच्याजवळ बसतो आणि तोंड बंद ठेवतो. सत्तरीत ही एक नवी विद्या शिकलो. कधी दोन आकडे सरळ जातात, कधी पहिल्यालाच अडतं. मी बोट दाबून बघतो. माझ्या हाताला ते काही जमत नाही. तो माझ्याकडं वळून विचारतो, काय रे, काय पाहिजे?

पोरीचं तिकडं बरं चाललंय म्हणतात. वर्षाराणी जीव लावते. जूनपासून पहिलीत जाईल. जयाला आठवड्यातून एकच सुट्टी, रविवारची. पहिल्यांदा तिनं दोन्हीकडं जाऊन बघितलं, सकाळी औसा, दुपारी शिरूर. बसच्या वेळा जुळेनात, शिरूरला जाऊन लेकराला नुसतं बघून परत फिरावं लागायचं. आता तिनं पाळ्या केल्यात. एक रविवार शिरूरचा, एक औशाचा. लेकराकडं जायला पाहिजे, यात कुणाचं काही म्हणणं नाही.

अप्पाला पाळी लक्षात राहत नाही. पण रविवार कसा कोण जाणे, तेवढा राहतो. आजही सकाळी भाकरी घेऊन गेलो तर धुतलेला सदरा घालून दारात बसला होता, स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून. मी म्हणालो, अप्पा, आज शिरूरची पाळी हाय, जया पुढच्या रविवारी येती.

"हाव," तो म्हणाला.

भाकरी खाऊन घ्या म्हणालो. तेव्हाही हाव म्हणाला, पण उठला नाही. मी ताट झाकून आत ठेवलं आणि त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. दुपारपर्यंत लातूरच्या तीन गाड्या आल्या.