उठायसाठी केलेला पलंग

माझी बायको कॉम्प्युटरमुळं मेली न्हाई.

किडन्या गेल्या म्हणून मेली. आज वर्ष झालं, तरी कुणी ना कुणी म्हणतंच, दिवसभर त्या स्क्रीनपुढं बसायची, दुसरं काय होणार.

ऐकून ऐकून डोकं उठलंय. म्हणून आज इथं पोस्टच लिहितो, सगळ्यांना एकदाच.

सुरेखा वालूरची. मी पालमचा सुतार. लग्नानंतर तिनं एसटीनं परभणीला जाऊन-येऊन फर्निचर डिझाइनचा क्लास केला. थ्रीडी. म्हणजे कपाट आधी स्क्रीनवर करायचं, गरागरा फिरवून बघायचं, दारं उघडून बघायची, आन् मगच लाकडाला हात लावायचा.

लोक मला विचारायचे, मिस्त्री तू का ती?

मी म्हणायचो, करतो मी, ठरवती ती. तुमाला काय तरास?

आमच्याकडं पोरीच्या लग्नात दिवाण-कपाट द्यायची पद्धत हाय. ते पसंत करायला पोरीचा बाप येतो, चुलता येतो, मामा येतो. पोरगी येत न्हाई.

सुरेखा त्यांना चहा पाजायची आन् परत लावून द्यायची. पोरीला घेऊन या म्हणायची. पोरीचा हात कुठवर पुरतो ते बघितल्याशिवाय ही स्क्रीनवर एक फळी काढायची न्हाई.

एक मामा लय तापला. आमी बघितलं म्हणजे झालं की, म्हणला. सुरेखा शांतपणे म्हणली, "मामा, वरचा कप्पा उघडायला रोज तुमी जाणार का तिच्या सासरी?"

दुसऱ्या दिवशी पोरगी आली.

ती चुकलीच न्हाई असं न्हाई. पहिलं मोठं कपाट तिनं माहेरीच दिलं. मॉडेल एक नंबर, माप एक नंबर. नेऊन उभं केलं तर दोन्ही दारं आपोआप उघडायली.

कॉम्प्युटरमधली फरशी सपाट असती. वालूरच्या घरातली मोरीकडं उतरती, पाणी वाहून जावं म्हणून.

भावांनी असली खेचली तिची. कपाटापुढं उभं राहून "कोण हाय आत?" विचारायचे.

तवापासून कुठंबी माप घ्यायला गेली की आधी तांब्याभर पाणी मागायची. लोकांना वाटायचं प्यायला. ही ते भिंतीजवळ ओतायची आन् कुठं पळतंय ते बघत बसायची.

मग आजार आला. डायलिसिस सुरू झालं. पायात जीव राहिला न्हाई.

आमचा दिवाण बुटका. त्याच्यावरून तिला उठवायला दोघं लागायची. कुणी काखेत हात घातला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस खुर्ची ओढली आन् कॉम्प्युटरवर स्वतःसाठी पलंग काढायला बसली.

उंची तिच्या गुडघ्याच्या जरा वर. कडेला धरायला दांडा. खाली मोकळी जागा, कारण उठताना पाय मागं घेता आले न्हाईत की माणूस तिथंच अडकतं, म्हणली.

माझे चुलते, नाना, हे ऐकून घरी आले. आजारी माणसाला नवा पलंग करत नसतेत, म्हणाले. अपशकुन असतो.

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला.

"नाना, मरायसाठी न्हाई करायलेय. उठायसाठी करायलेय."

मी केला पलंग. सागाचा.

आन् ती उठली. रोज उठली. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा दांड्याला धरून उठली, तोंड धुऊन आली. कुणाचा हात लागला न्हाई.

त्या दुपारी गेली.

तेराव्याला नाना आन् भाऊबंद पलंगाला दोरी बांधायलेले. ती त्याच्यावर गेली, आता दान करून टाक, घरात ठेवू नको म्हणे.

मी दारात आडवा झालो.

म्हणलं, "ती याच्यावर मेली ते तुमी बघितलं. याच्यावरून रोज उठायची ते मी बघितलंय. पलंग हलणार न्हाई."

नाना तवापासून माझ्याशी बोलत न्हाईत. नका बोलू.

मागं मी त्या पलंगाचा फोटो इथं टाकला होता. तो बघून चुडाव्याहून फोन आला. एकाची आई, खुब्याचं हाड मोडलेली. असाच पलंग पाहिजे म्हणला. मेलेल्या बाईचं डिझाइन कशाला, असं त्याला घरचे म्हणायलेले. म्हातारीनंच सगळ्यांना गप केलं.

मला कॉम्प्युटर येत न्हाई. रंधा सरळ चालतो माझा, माऊस धरला की बाण भलतीकडंच पळतो. तरी फाइल उघडली.

पलंगाशेजारी सुरेखा उभी.

म्हणजे उंचीचा अंदाज यावा म्हणून सॉफ्टवेअर एक पॅन्ट-शर्टवाला माणूस उभा करून देतं. तिनं त्याला उडवून स्वतःच्या उंचीची, साडी नेसलेली बाई ठेवलेली.

म्हातारी तिच्याहून बुटकी. माप बसवायचं तर त्या बाईला लहान करायचं, न्हाई तर काढून टाकायचं.

माझ्यानं झालं न्हाई. तिच्या शेजारी दुसरी बुटकी बाई उभी केली आन् तिच्या मापानं पलंग उतरवला. लय वेळ गेला. जाऊ दे गेला तर.

आज वर्षश्राद्ध. जेवणावळ घातली न्हाई, त्याच्या शिव्या खायलोय. सकाळी म्हातारीसाठी केलेला पलंग टेम्पोत घातला आन् चुडाव्याला गेलो.

म्हातारी बसली. दांडा धरला. सून धावली तर तिला हातानंच थांबवलं. पाय मागं घेतले, उठली, आन् हळूहळू दारापर्यंत जाऊन वैरणीत तोंड घातलेल्या शेळीला शिव्या दिल्या.

मी टेम्पोच्या मागं जाऊन रडलो. लपवत न्हाई.

आता असे पलंग अजून करणार. प्रत्येकाच्या दांड्यावर नाव कोरणार, सुरेखा म्हणून. ज्याला अशुभ वाटतं त्यानं खाली सतरंजी टाकून झोपावं.

सुरेखा, तुझा पलंग घरातच हाय. मी त्याच्यावरच झोपतो.

तू जा निवांत. इथलं मी बघतो.

रामराम.