कुणाचा तरी जावई

काल नांदेडला स्टेशनच्या रस्त्यावर एका गाडीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. गाडीवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. नाकात डिझेलचा वास तेवढा राहिला आणि त्या वासासरशी किल्लारीकडचा रस्ता आठवला.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासुरवाडीच्या पुढच्या गावात शाळेवर होतो आणि रोज सायकलने जायचो. एका सकाळी मागून आलेल्या जीपने मला असं दाबलं की मी सायकलसकट तुरीच्या शेतात गेलो. जीप थांबली. ड्रायव्हर शिव्या देतच उतरला.

"रस्ता काय बापाचा हाय का? मरायचं असलं तर..." आणि तो थबकला. "तुमी आमच्या शिवाप्पा अण्णाचे जावई न्हवं?"

मी तुरीतूनच हाव म्हणालो.

जीपमधल्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. ड्रायव्हरने माझी सायकल टपावर बांधली, पुढच्या सीटवरच्या दोघांना मागे लटकायला पाठवलं आणि मला तिथे बसवलं. "गावचा जावई सायकलवर, लोक काय म्हणतेल?" असं म्हणून त्याने जी जीप हाणली, तिच्यापुढे तूर बरी होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या रस्त्यावरची प्रत्येक जीप मला लांबून वळसा घालून जाऊ लागली. तेव्हा त्या मानाचा मला लई संकोच वाटायचा.

काल मात्र कोपर चोळताना वाटलं, एवढ्या मोठ्या नांदेडात आपण कुणाचेच जावई नाही.