या वेळी काही वाटलं नाही

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की काळजी करायला घरात काही सापडलं नाही तर मी ती बाहेरून घेऊन येतो. खोटं नाही ते. वैनगंगेचं पाणी चढलं अशी नुसती बातमी आली तरी मी छतावर जाऊन बघतो, आणि नदी आमच्या मोहल्ल्यापासून चांगली लांब आहे. त्यामुळे एका गायिकेचा नवा अल्बम आला आणि माझी झोप उडाली, तेव्हा घरात कोणी ते मनावर घेतलं नाही.

गायिका माझी कोणी लागत नाही. ती आमच्या मुलीची. शाळेत असल्यापासून मुलगी तिच्यामागे वेडी. नवा अल्बम आला की आमच्या घरी संचारबंदी. मिक्सर बंद, पंखा बंद, आईनं भांडी आपटायची नाहीत. पंख्याचा आवाज गाण्यात मिसळतो म्हणे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ती डोळे मिटून ऐकणार आणि मला शेजारी बसवून ठेवणार, कारण एकटीनं ऐकायला मजा येत नाही. बालाघाटच्या मे महिन्यात पंखा बंद करून मी असा बसलेलो आहे, बनियन अंगाला चिकटलेलं, आणि वर हलायचीही बंदी.

ऐकून झालं की ती चाहत्यांच्या ग्रुपवर निकाल लावायची. निकालच म्हणायचा, कारण तिची पद्धत बोर्डाची होती. हे गाणं डिस्टिंक्शन, हे ग्रेस देऊन पास, याला सप्लीमेंट्री, आणि प्रत्येकाची कारणं सविस्तर. लिहायची हिंदीत; मध्य प्रदेशात शाळा हिंदीचीच. मराठी ती फक्त आमच्याशी बोलते, आणि भांडताना जास्त. ग्रुपवर कुठकुठली पोरं होती, पाटण्याची, सुरतेची, आणि तिचा निकाल लागेपर्यंत थांबलेली असायची. मग त्यावर जी जुंपायची! ती एकेकाला पुरून उरायची. मला त्याचा फार अभिमान होता. आमच्या खानदानात सगळे सरकारी नोकर, साहेबासमोर मान वर न करणारे. हिला हे तोंड कुठून मिळालं, देव जाणे.

कॉलेजसाठी ती जबलपूरला होस्टेलवर गेली आणि घर मुकं झालं. मी तोंड पाडून बसतो असं आईकडून कळल्यावर तिनं मला त्या ग्रुपमध्ये घेतलं. अट एकच. ‘‘बाबा, तिथं तोंड नाही उघडाचं. एक अक्षर लिहिलं ना तुमी, तं जन्मात बोलणार नाही मी तुमच्याशी.’’ मी हौ म्हटलं. कचेरीत फायलीखाली मोबाइल धरून मी ते सगळं वाचायचो. ती कोणाशी तरी कडाकडा भांडते आहे म्हणजे ठीक आहे, जेवते-खाते आहे, असा माझा हिशेब. फोनवर पोरं काय सांगतात? ‘ठीक आहे’ एवढंच सांगतात.

गेल्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता तो अल्बम आला. सकाळपासून ग्रुपवर नुसता कल्ला. या वेळी बाईंनी सगळा बाज बदलला होता. नाचायचं एकही गाणं नाही, ढोल नाही, अगदी हळू आवाजात, कोणाच्या कानाशी बोलावं तसं गायलेलं. चाहत्यांत उभी फूट पडली. काही म्हणाले, ही आता संपली. काही म्हणाले, आता कुठे ही गायला लागली. एकानं तर तिचं पोस्टर भिंतीवरून काढल्याचा फोटो टाकला. मी आमच्या मुलीच्या निकालाची वाट पाहत होतो. ‘‘दीदी कहाँ हैं?’’ असं चारचौघं विचारतही होते.

संध्याकाळी तिची एक ओळ आली. ‘‘इस बार कुछ महसूस नहीं हुआ।’’

बस. ना डिस्टिंक्शन, ना सप्लीमेंट्री.

त्या ओळीवर पोरं तुटून पडली. ज्यांना अल्बम आवडला नव्हता त्यांनी ती डोक्यावर घेतली, रंगीत चौकटीत छापून सगळीकडे फिरवली. ज्यांना आवडला होता ते तिला विकाऊ म्हणाले, नकली फॅन म्हणाले, आणखी जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एरवी एवढ्यात तिनं त्यांना पळता भुई थोडी केली असती. मी थांबलो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी फोन लावला.

‘‘जेवली का बेटा?’’

‘‘हौ.’’

‘‘तुले ते गाणे नाही आवडले का?’’

‘‘काही नाही बाबा. झोप येऊन राह्यली मले.’’

दुपारची वेळ होती. मी बायकोला म्हटलं, काहीतरी बिनसलं आहे. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘‘परीक्षा हाये तिची. अभ्यास करून राह्यली अशीन. गाणं नाही आवडलं तं नाही आवडलं, त्याच्यात काहून जीव टांगणीले लावता?’’ बोलणं रास्त होतं. गाणं नावडणं हा काही आजार नाही.

पण मला ती ओळ सोडेना. ‘आवडलं नाही’ असं तिनं लिहिलंच नव्हतं. नावडलं की ती दोन पानं लिहिते, हे मला ठाऊक होतं.

शेवटी कचेरीतून परतताना पुलाच्या अलीकडे स्कूटर उभी करून मी स्वतः तो अल्बम ऐकला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तिच्या शेजारी बसून कान थोडे तयार झाले असतील तर तेवढेच. मधे एक गाणं होतं, घरून येणारा फोन न उचलण्याचं. बाजूनं सायकलवाले जात होते आणि मी चष्मा पुसत उभा. आणि तिथेच मला भीतीनं घेरलं. माझ्यासारख्या ठोंब्याला इथे रस्त्यावर रडू येतं, तर जिला या बाईंचा नुसता श्वास ऐकून भरून यायचं, तिला काही वाटत नाही? मग खोट गाण्यात नाही.

त्या रात्री मी अट मोडली. ग्रुपवर तिच्या त्या ओळीखाली लिहिलं, ‘‘ये लड़की ठीक तो है ना? किसी ने पूछा?’’

पोरं हसली. ‘‘अंकल, ये फैन ग्रुप है, अस्पताल नहीं।’’ कोणी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली, कोणी विचारलं हे अंकल आहेत कोण. मला त्याचं काही नव्हतं. मी मुलीच्या फोनची वाट पाहत होतो. ती चिडणार, मला ओरडणार, ग्रुपमधून हाकलणार. मी मनात तिचे शब्दही तयार करून ठेवले होते. जन्मात बोलणार नाही म्हणाली असती तरी मी पेढे वाटले असते. माझं वाक्य तिनं वाचल्याची खूण आली. फोन आला नाही.

सकाळच्या गाडीनं मी निघालो. बायकोनं या वेळी मला नावं ठेवली नाहीत. मुकाट्यानं डबा करून दिला. गाडीत नैनपूरपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की आपण घाबरट आहोत, पोरगी हसेल, मैत्रिणींत आपली शोभा होईल. नैनपूरनंतर समजावणं संपलं. मग नुसता खिडकीबाहेर बघत राहिलो.

होस्टेलच्या फाटकाच्या आत पुरुषांना जाता येत नाही, वडिलांनाही नाही. चौकीदारानं निरोप धाडला. ती बऱ्याच वेळानं आली. घरातल्या चपला, केस कधी विंचरले कोण जाणे. मला बघून ती ना हसली, ना चिडली. फाटकाजवळच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली.

‘‘अल्बम ऐकला मी,’’ मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

‘‘मस्त हाये ना, बाबा?’’ ती म्हणाली. ‘‘मी तीन-चारदा ऐकला. आतापर्यंतचा सगळ्यात मस्त हाये. कळते मले ते. पण काही होतच नाही. गाण्यानं नाही होत, खाण्यानं नाही होत. तुमी आले असं चौकीदारानं सांगतलं, तवाबी नाही झालं.’’

मग तिनंच विचारलं, ‘‘तुमाले कसं कळलं? इथं तं कोणालेच नाही कळलं.’’

प्रवासभर जो प्रश्न मी तोंडाशी येऊ दिला नव्हता, तो विचारायची वेळ आली होती. तिच्याकडे न बघता मी विचारलं, ‘‘बेटा, जिवाचं बरंवाईट कराचा विचार तं नाही ना येत मनात?’’

ती लगेच नाही म्हणेल, कायतरीच काय बाबा म्हणेल, अशी मी वाट पाहिली. तिनं पायातल्या चपलेनं जमीन उकरली.

‘‘रोज नाही येत,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘‘चल, घरी जाऊ.’’ ती हौ म्हणाली, अगदी शहाण्या मुलीसारखी, आणि उठली. ‘‘बसा तुमी. बॅग भरून आणतो. दहा मिनिटं.’’

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. मी फाटकाच्या अलीकडे.

‘‘राहू दे बॅग,’’ मी म्हटलं.

‘‘कपडे लागतीन ना, बाबा.’’

‘‘घरी हायेत कपडे.’’

‘‘चपला तरी बदलू द्या.’’

मी तिचं मनगट धरलं होतं. वॉर्डनबाईंना स्टेशनावरून फोन केला, तेव्हाही सोडलं नव्हतं.