झाकण, वरवंटा आणि हीरामावशींचा फ्रीजर

सोसायटीचा कचरा रोज सकाळी गाडी घेऊन जाते. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते साठतच जातात! सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. त्यातली निम्मी तरी उंदीर, घुशी, झुरळं आणि माश्यांच्या मागे धावण्यात गेली. आता ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. भाड्याच्या टॉवरमध्ये आमचा कचरा कोण, कधी नेतं तेही कळत नाही. सुखच आहे म्हणा, पण मला करमत नाही.

*

उंदरांचं खातं सावंतकाकांकडे. रेल्वेतून रिटायर झालेले, एकदम शिस्तीचे. एकदा डब्यांपाशी पिंजरा लावून, आत भजी टांगून त्यांनी एक अर्ध्या शेपटीचा उंदीर पकडला. पण मारायचा कसा? नेमकी त्या दिवशी चतुर्थी! मग काका पिंजरा मांडीवर घेऊन रिक्षाने निघाले आणि पेणकरपाड्याच्या पार पुढे त्याला सोडून आले.

चौथ्या दिवशी तीच अर्धी शेपटी डब्यावर हजर.

मी म्हटलं, "काका, पाहुणे परत आले!"

काका शांतपणे म्हणाले, "येणारच. रिक्षातून सगळा रस्ता दाखवतच नेला ना मी त्याला!"

*

मग काकांनी नियम काढला. प्रत्येक डब्याला झाकण, आणि झाकणावर वजन. मांजर, घूस, कावळा, कोणाला उघडता येता कामा नये. मी दगड कुठून आणणार? माळ्यावर वरवंटा पडला होता, तोच ठेवून दिला. सहा महिने घुशीची काय बिशाद होती!

मे महिन्यात गावाहून आई आली. रविवारी तिने माळ्यावरचा पाटा काढायला लावला आणि मटणाचं वाटण स्वतः वाटलं. ताटं वाढताना म्हणाली, "मिक्सरच्या वाटणाला कसली रे चव? वरवंटा दाराबाहेर टाकून दिला होतात, धुऊन घेतला. बघा आता, चव कशी उतरलीय!"

मी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "आई, आज आमचा दोघांचा उपास आहे."

*

तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. एक हीरामावशींचं. त्या जुन्या भाईंदरच्या कोळी, बोंबील-कोलंबीशिवाय घास उतरायचा नाही. दुसरं जयाबेनचं. त्यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा यायचा नाही. तरी दोघींचं मेतकूट जमलेलं. मावशी बाहेर गेल्या की किल्ली जयाबेनकडे, आणि उन्हाळ्यात जयाबेनच्या सरबताला बर्फ मावशींच्या फ्रीजरमधून.

त्याच मे महिन्यात जिन्यात माश्या झाल्या. जयाबेननीच लेखी तक्रार दिली, मासळीच्या कचऱ्याची. मीटिंगमध्ये ठराव झाला. यापुढे एकदा जरी वास आला, तर मावशींनी आपला डबा कायमचा खाली गेटपाशी ठेवायचा. गुडघे धरून जिना उतरणारी बाई, कचरा टाकायला दरवेळी तीन मजले! ठराव मीच लिहिला. त्याची मला आजही लाज वाटते.

मावशी उठल्या. "चला, बघा माझा डबा."

डब्यात तळाला कडुलिंबाचा पाला, वर कोरडा कागद. माशी औषधाला नाही!

काकांनी विचारलं, "मग मासळीचा कचरा कुठाय?"

मावशींनी फ्रीजर उघडला. आत पेपरात घट्ट गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली पुडी. "माशी येते ती वल्या कचऱ्याला. सकाळी गाडी येईपर्यंत हितं निजवते त्याला. वास न्हाय, काय न्हाय!"

सगळे थक्क. जयाबेनचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"हीरामासी... अने मारो बरफ?"

माश्या पुढे माझ्याच डब्यात सापडल्या, आंब्याच्या सालींवर. वरवंटा घरात गेल्यापासून झाकणावर वजनच नव्हतं! पण ठराव तसाच राहिला, आणि जयाबेन मावशींशी दोन महिने बोलल्या नाहीत.

*

मग एका सकाळी मावशी जिन्यात पडल्या. मुलाने तशीच रिक्षा करून हॉस्पिटलला नेलं. जाताना मावशींनी सवयीने किल्ली जयाबेनच्या हातात दिली. नेमका त्या दिवशी आमच्याकडे दहा ते पाच लाइट बंद.

दुपारी मला ऑफिसात मावशींचा फोन. आवाज रडवेला. "सेकेटरी, पायाचं काय व्हायचं ते होईल. पन फ्रीजरमदी बोंबलांची डोकी हायत. गाडीला द्यायची राहिली. लाइट न्हाय, वास सुटंल. माझा डबा खाली जाईल रे!"

मी हाफ डे टाकून धावलो. जिन्यात हुंगत हुंगत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. कसलाच वास नाही! मावशींच्या दाराला कुलूप, जयाबेनचं दार बंद. खाली येऊन वॉचमन यादवला विचारलं, "वर कोणी आलं होतं काय रे?"

"कोई नहीं साब. बस, जयाबेन दोपहर में खुद नाके की कचरापेटी पे कचरा डालने गयी थी. नाक पे पल्लू, हाथ लंबा करके, पेपर की पुडी पकडी हुई. पुडी से पानी टपक रहा था. मैंने पूछा, भाभी, क्या है इसमें?"

"मग? काय म्हणाल्या?"

"बोली, कांदा है!"