कॉलेजचं गणित आणि दहावीचं इंग्रजी

मित्रांनो, आज सकाळी भुकूमला डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "सर, वळखलं का? मी पौडची शमीम."

चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी ओळखलं.

ऐंशीच्या सुमारास मी पौडला शाळेत गणित शिकवायचो. शमीम दहावीत होती. दिवाळीपर्यंतच तिचं गणिताचं पुस्तक संपलं, म्हणून मी पुण्याहून अकरावी-बारावीची पुस्तकं आणली. शाळा सुटल्यावर रोज तासभर आमचं कॉलेजचं गणित चालायचं. पुस्तकं इंग्रजीत होती, पण मी सगळं मराठीत सांगायचो. तिची झेप बघून मीच हरखून गेलो होतो.

निकाल लागला. शमीम गणितात शाळेत पहिली आली आणि इंग्रजीत नापास झाली.

ऑक्टोबरला पुन्हा बसवा, असं सांगायला मी तिच्या घरी गेलो, तर तिचं लग्न ठरलं होतं. तिचे वडील कपडे शिवायचे. मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "सर, कालेजचं शिकवलं तुमी. दहावीचं कोण शिकवणार व्हतं?"

मी तसाच परत आलो.

आज दवाखान्यात ती सोबत आलेल्या सुनेला हौसेनं सांगत होती, "हे आमचे सर. यांनी मला दहावीतच कालेजचं शिकवलं." मला माफी मागायची होती. तेवढ्यात तिचा नंबर आला आणि सुनेचा हात धरून ती आत गेली.

शिक्षक मित्रांनो, तुम्ही असता तर तिला काय म्हणाला असता?