अंडं बाहेरून फोडायचं नाही

आमच्या घरात वाट बघणं एकाच माणसाला जमतं, आणि ती म्हणजे माझी आत्या. बाबा बेल वाजवतात आणि दार उघडेपर्यंत वाजवतच राहतात. मी तर मेसेज अर्धा टाइप करूनच पाठवते, मग पुढचे सगळे मेसेज त्याची सारवासारव. आत्या बालवाडीत मोठ्या गटाची बाई आहे. एखादं पोरगं बुटाची पट्टी लावत असेल तर ती लागेपर्यंत शेजारी उकिडवी बसून राहते. गुडघे करकरतात, पण हात पुढे करत नाही. बाबा तिची खेचतात, "ताई, तुला बघून दूधसुद्धा उतू जायचं थांबतं." ती म्हणते, "हात धुतलेस का? दाखव." आणि बाबा, बँकेतले एवढे मोठे साहेब, हात दाखवतात!

तर तिच्या वर्गात अंडी घालणारे प्राणी चालले होते. कासव, मगर, पाल, कोंबडी, फुलपाखरू वगैरे. हे शिकवून झालं की दरवर्षी ती पोरांना अंड्यातून बाहेर काढते. खरंच! मोठ्ठी खोकी आणून पांढरी रंगवायची, आतून ढकललं की उघडेल असं झाकण कापायचं. पोरगं आत बसणार, आपलं आपण बाहेर येणार आणि आपल्या प्राण्यासारखं चालून दाखवणार. नियम एकच, अंडं बाहेरून फोडायचं नाही.

मला खोकी रंगवायला बोलावलं होतं. फक्त रंगवायला. हे मुद्दाम सांगतेय.

जेवताना आत्या म्हणाली, मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या मुख्याध्यापिका, एका मुलीला परत छोट्या गटात पाठवायचं म्हणतायत. शाळेत आल्यापासून ती एक शब्द बोललेली नाही. पोरं तिला गुपचूपच म्हणतात.

"तिला सगळं कळतं गं," आत्या म्हणाली. "उद्या मोठ्या बाई स्वतः बघायला येणारेत. काही करून दाखवलं तर राहील माझ्याकडे."

झालं. गुपचूपला फुलपाखराचं अंडं मिळालंय असं कळलं, आणि मी तार, चमकी, जुनी ओढणी घेऊन पंख करायलाच बसले. इतके भारी झाले की आरशासमोर मीच घालून बघितले. (बसले नाहीत. तो विषय नको.) आत्याला काही सांगितलं नाही. सरप्राइज!

दुसऱ्या दिवशी आत्याबरोबर शाळेत गेले आणि पोरं खोक्यात शिरायच्या आधी मी हळूच गुपचूपच्या पाठीला पंख बांधले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, किती भारावलीये पोरगी!

कासव आलं. मगर आली. पाल बाहेर आली ती थेट खिडकीच्या गजांवर चढली, तिला उतरवलं. मग गुपचूपची पाळी. मोठ्या बाई खुर्चीत बसलेल्या, दारात गुपचूपची आई पर्सचा पट्टा पिळत उभी.

खोकं गप्प.

"ये ना बाळा, उडून दाखव!" मी म्हटलं.

खोकं गप्प.

"बाई, हे अंडं खराब झालंय का?" कासवाने विचारलं.

"नाही रे. वेळ लागतो," आत्या म्हणाली.

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. "बाई, मला वाटतं आता..."

माझा धीर सुटला. मी धावले आणि झाकणाला हात घातला.

"हात मागे."

आत्याने आवाजही चढवला नाही. मी, कॉलेजात जाणारी घोडी, हात पाठीमागे बांधून उभी राहिले. शेजारी मगरपण उभी राहिली, उगाच.

आतून खुडबुड ऐकू आली. "आत काम चाललंय," असं मोठ्या बाईंना सांगून आत्या खोक्याशेजारी उकिडवी बसली. तिच्या कानामागून घामाचा ओघळ चालला होता. म्हणजे हिलाही वाट बघणं जड जातं! मी आपली समजत होते, हिचा स्वभावच थंड.

झाकण किलकिलं झालं. आधी एक पंख बाहेर आला. मग दुसरा, तार वाकलेला. भिरकावलेच तिने. मग गुपचूप पोटावर सरपटत, ढुंगण वरखाली करत आली ती माझ्याच पायाशी थांबली.

"अळीला पंख नसतात," ती म्हणाली.

खणखणीत. शाळेतलं पहिलं वाक्य, आणि तेही मला झापायला.

मग वळून, "अंड्यातून आधी अळी येते ना, बाई?"

"आधी अळीच," आत्या म्हणाली.

दारात आई रडायला लागली. मी तर तिच्याआधीच सुरू केलं होतं.

मोठ्या बाई उठल्या. "हिला इथेच राहू द्या. पंख कोणी बांधले?"

पाल, मगर, कासव, सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग छोट्या गटात हिला बसवा."

मी रडत रडत गुपचूपला मिठी मारायला गेले. तिने मला कोपराने बाजूला सारलं, सरपटत खोक्याकडे गेली आणि झाकणाचा कोपरा चावायला लागली.

"अगं अगं, रंग आहे त्याला!"

"अळी आधी अंड्याचं कवच खाते," तोंडात पुठ्ठा धरूनच ती म्हणाली.

"बरोबर. आता थुंक आणि तोंड धुवून ये," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू नाक पूस. हात दाखव बघू."

मी दाखवले. चमकीने भरलेले होते.