बादलीवरची साय

गुनवोर थुरेसनचं नाव जन्मात एकदाच छापून आलं, आणि तेवढ्याने वाटोळं झालं. तिचं नव्हे, ती सुखरूप निवृत्त झाली. वाटोळं झालं तिच्या धाकट्या भावाच्या, अल्गोटच्या, बटाट्याच्या शेताचं.

थुरेसनांचं शेत ब्यारे नावाच्या द्वीपकल्पाच्या टोकाला, समुद्राच्या वाऱ्यात. तिकडच्या माणसांना एकच वेड: मिडसमरच्या, म्हणजे जूनमधल्या मोठ्या सणाच्या, ताटात पडणारा पहिला कोवळा बटाटा आपल्या शेतातला असावा. त्यासाठी ते फेब्रुवारीतच लागवड करतात आणि सरींवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म अंथरतात, खालच्या मातीला ऊब मिळावी म्हणून. वारा फिल्म उचलून डेन्मार्कला नेईल, म्हणून तिच्या दोन्ही कडा वीतभर मातीत गाडतात. मे महिन्यात ती सगळी उपटून काढायची. चिखलाने माखलेली, ओली, जड, मैलभर लांब फिल्म. त्या कामाने गुनवोरच्या वडिलांची कंबर गेली, आणि अल्गोटची जायच्या वाटेवर होती.

गुनवोर शेतात रमली नाही. शाळा संपवून ती शहरात गेली आणि एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. शिक्षण बेताचं, पण हात सोन्याचे. पॉलिथिनच्या फिल्मचे चौकोन कापायचे, सहा आठवडे उन्हाऐवजी प्रखर दिव्याखाली ठेवायचे, मग मातीच्या ट्रेमध्ये पुरायचे, आणि ठरलेल्या महिन्याला ती माती चाळणीवर धुऊन जे उरलं ते चिमट्याने वेचून, वाळवून, वजन करायचं. वीस वर्षं ती हेच करत होती. अहवालांवर नावं साहेबांची, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत "तांत्रिक साहाय्याबद्दल आभार". त्या आभारातसुद्धा नाव नसायचं.

तिचा साहेब क्लाएस विडेग्रेन. माणूस वाईट असता तर गुनवोरला सोपं गेलं असतं. पण क्लाएस हसतमुख, मऊ बोलणारा, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणणारा. त्याच्याकडे एका कंपनीचं काम आलं होतं. कंपनीला अशी फिल्म विकायची होती की जी शेतातून काढावीच लागणार नाही. उन्हाने आपोआप विरून जाईल, शेतकऱ्याने वरून नांगर फिरवावा आणि कॉफी प्यायला जावं.

दोन जातींची फिल्म तपासायला आली. एक कडक, दुसरी मऊ. दोन्ही पॉलिथिनच, दोन्हींत तेच कार्बन आणि तोच हायड्रोजन, फरक फक्त साखळीच्या घडणीचा. दोन वर्षांनी ट्रे उपसले तेव्हा कडक फिल्म जशीच्या तशी निघाली, धुऊन पुसून पुन्हा वापरावी अशी. मऊ फिल्मचा पापडासारखा चुरा झाला होता. दहा ग्रॅम पुरली होती, चाळणीवर चारच ग्रॅम उरली.

"साठ टक्के गायब!" क्लाएस म्हणाला. "गुनवोर, तू कमाल आहेस."

कमाल गुनवोरची नव्हती, चाळणीची होती. चाळणीचं भोक दोन मिलिमीटरचं.

त्या दिवशी मोरी तुंबली होती. एरवी चाळणीखालचं गढूळ पाणी ती सरळ ओतून द्यायची, त्या दिवशी बादली तशीच कोपऱ्यात राहिली. सकाळी येऊन बघते तर गाळ खाली बसलेला, पाणी नितळ, आणि वर साय आलेली. दुधावर येते तशी, पांढरट, चकचकीत. गुनवोरने बोट बुडवलं. बोटाला पापुद्रे चिकटले. पॉलिथिन पाण्याहून हलकं, ते तरंगणारच. तिने कॉफीच्या गाळणकागदाने ती साय काढली, वाळवली आणि तोलली. साडेपाच ग्रॅम भरली.

तिने वहीत लिहिलं: "१४ मार्च १९९१. मऊ फिल्म, बादलीत ५.५ ग्रॅम." आणि वही घेऊन क्लाएसच्या खोलीत गेली.

"ते गेलेलं नाही, क्लाएस. नुसतं बारीक झालंय. बादलीत आहे."

क्लाएसने वही वाचली. चष्मा काढला. चष्मा पुसला.

"पद्धतीत चाळणी कितीची सांगितलीय?"

"दोन मिलिमीटर."

"मग? चाळणीवर राहतं ते आहे. राहत नाही ते नाही. पद्धत आपण बनवलेली नाही गं."

"पण मी ते हातात धरलं."

"तू काय काय हातात धरतेस ते अहवालात घालायला लागलो तर कादंबरी होईल." तो हसला. मग सहज बोलावं तसं म्हणाला, "बरं, एक सांगायचं राहिलंच. या अहवालावर तुझंही नाव घालतोय. माझ्या खाली. वीस वर्षं झाली तुला, हक्कच आहे तो."

धमकी नाही, दरडावणी नाही, नोकरी जाण्याची भीती नाही. कुणी हात पिरगाळला असता तर ती म्हणू शकली असती की माझा नाइलाज होता. तिला फक्त स्वतःचं नाव छापलेलं बघायचं होतं. ती म्हणाली, "बरं." दुपारी हिरव्या साखरेचा केक आला आणि तिला पहिला तुकडा मिळाला. ती वही तिने आपल्या कपाटात ठेवली.

अहवालाची एक प्रत तिने घरी पाठवली. आईने पहिलं पान चौकटीत बसवून स्वयंपाकघरात टांगलं, ओट्याच्या वर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की मोठ्या लोकांच्या कागदावर आपल्या लेकीचं नाव आहे.

ऑक्टोबरात अल्गोटचा फोन आला.

"अगं, कंपनीचा माणूस येऊन बसलाय. म्हणतो, पसरा आणि विसरा. तुझाच कागद दाखवतोय मला! मी म्हटलं, अरे बाबा, हा आमच्या भिंतीवर आहे. घेऊ का सांग."

गुनवोरच्या हातात फोनची वेटोळी वायर होती. ती तिने बोटाभोवती वेढली.

"अहवालात आहे तसं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे घेऊ."

"अहवालात आहे तसं," ती पुन्हा म्हणाली. खोटं न बोलता फसवण्याची ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. लागते तेव्हा ती आपोआप येते.

बारा वर्षं अल्गोटने ती फिल्म वापरली. पहिली दोन वर्षं खूश होता. उघड्यावरची फिल्म जूनपर्यंत चुरा व्हायची, नांगर फिरवला की शेत काळंभोर दिसायचं. पण कडा मातीत होत्या. त्यांना ऊन कुठलं लागायला? त्या जशाच्या तशा राहिल्या, आणि तिसऱ्या वर्षीपासून नांगराच्या फाळाला लांबच लांब फितींचे गुंते येऊ लागले. चुऱ्याचं तर विचारूच नका. पाऊस पडून गेला की शेत माशाच्या खवल्यांसारखं चमकायचं. कोवळ्या बटाट्याची साल म्हणजे बोटाने निघेल एवढी नाजूक, ती मातीत वाढतानाच पापुद्र्यांना कवटाळायची. जवळच्या बोस्ताद गावच्या व्यापाऱ्याने एका मिडसमरला ट्रॉली परत पाठवली. दुसऱ्या वर्षी परत पाठवली. तिसऱ्या वर्षी त्याने फोनच उचलला नाही. ज्याच्या बापाचा बटाटा पहिला बाजारात यायचा, त्या अल्गोटने २००३ साली बटाटा सोडला आणि शेत घोड्यांच्या चाऱ्याला दिलं.

तेव्हा तो गुनवोरला काय म्हणाला असेल? "तुलाही फसवलं गं त्यांनी." आणि हे तो गावभर सांगायचा. सहकारी दुकानात, चर्चच्या कॉफीला, जो भेटेल त्याला: माझ्या बहिणीला फसवलं त्या सुटाबुटातल्यांनी, तिचं नाव वापरलं. गुनवोर ऐकून घ्यायची. भावाची शिवी सोसवली असती, ही दया सोसवत नव्हती.

२००५ पासून दर शरदात तो जॅमची एक लिटरभराची बरणी पाठवायचा, शेतातल्या मातीने भरलेली, आणि सोबत चिठ्ठी: "या वर्षी कमी झालं का बघ." गुनवोर ती माती बादलीत कालवायची, रात्रभर ठेवायची, सकाळी साय काढून भिंगाखाली मोजायची आणि फोन करून आकडा सांगायची. पहिल्या बरणीत एकसष्ट तुकडे निघाले. पुढच्या वर्षी चौऱ्याऐंशी. मग शंभराच्या वर.

"वाढले? म्हणजे तुटतायत. म्हणजे संपत आलं, नाही का?" अल्गोट विचारायचा.

"संख्या वाढलीय. वजन तेवढंच आहे."

"असं कसं होईल?"

एका मिडसमरला तिने त्याला समजावलं. अंगणात टेबल मांडलेलं, हेरिंग मासे, शेपू घालून उकडलेले बटाटे, आंबट साय. बटाटे दुकानातले. याची लाज अल्गोट दर वर्षी बोलून दाखवायचा.

"सरळ काठ्यांची मोळी बांध," ती म्हणाली. "गच्च बसते, आत बोट शिरत नाही. ती कडक फिल्म. आता फांद्याफुटव्यांच्या काटक्यांची बांध. फटी राहतात, हवा आत शिरते. आणि फुटवा निघतो तो सांधाच कच्चा असतो, तुटायला सुरुवात तिथून होते. ती मऊ फिल्म. पण मोळी मऊ असली तरी तिच्यात मधेमधे सरळ काठ्या असतातच. कच्चं होतं ते उन्हात तुटून गेलं. आता मातीत राहिलंय ते गच्च बसलेलं. त्याला ऊन नाही, हवा नाही, आणि मातीतल्या जंतूंना त्या काठ्या अजून लांबच लांब, तोंडात मावत नाहीत."

"किती वर्षं लागतील?"

"तुझी नि माझी मिळून पुरणार नाहीत."

"मग एवढं कळत होतं त्यांना, तर विकली कशाला?" अल्गोट चिडून म्हणाला. "आणि तुला अंधारात ठेवलं!"

गुनवोरने पुढ्यातल्या बटाट्याचा काट्याने दाबून लगदा केला, आणि खाल्ला नाही.

२०१९ च्या वसंतात, शरदाची वाट न बघता, पंधरावी बरणी आली. सोबत मोठं पत्र. एक तरुण जोडपं शेत विकत घ्यायला तयार होतं, खत-औषधाशिवाय भाजी लावणार होतं. त्यांना मातीबद्दल कुणा जाणकाराचा कागद हवा होता. "तू लिही," अल्गोटने लिहिलं होतं. "नाहीसं होत आलंय, एवढंच. तुझी सही असली की पुरे, ते तुझं नाव भिंतीवर बघून गेलेत."

बरणीत चारशे बारा तुकडे निघाले. वजन जिथल्या तिथे.

मिडसमरला ती बसने ब्यारेला गेली. पिशवीत बरणी आणि जुनी वही. अल्गोट दारातच उभा.

"आणलास कागद?"

"आत चल," ती म्हणाली. "बस जरा."

स्वयंपाकघरात तिने वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. अल्गोटने चष्मा शोधला, सापडला नाही, वही लांब धरून वाचली.

"हे काय?"

"बादली. ती विरत नाही हे मला दिसलं तो दिवस."

त्याने तारखेवर बोट ठेवलं. अक्षर तिचंच होतं, लहानपणी ज्या अक्षराने ती त्याचा गृहपाठ करून द्यायची ते.

"मार्च," तो म्हणाला. "मी फोन केला तो ऑक्टोबर होता."

"हो."

"काय म्हणाली होतीस?"

"अहवालात आहे तसं आहे, म्हणाले."

"आणि अहवालात सही?"

"माझी. कुणी जबरदस्ती केली नव्हती, अल्गोट. मला नाव हवं होतं."

शेगडीवर बटाटे उकळत होते, झाकण खडखडत होतं. अल्गोटने उठून आच बंद केली. मग पाठ तशीच ठेवून म्हणाला, "सोळा वर्षं मी गावात भांडतोय. तुला फसवलं म्हणून. शेजारच्या स्वेनसनच्या पोराची गचांडी धरली होती मी, तो म्हणाला तुझ्या बहिणीला ठाऊक असणार. गचांडी धरली होती."

गुनवोरला माफी मागायची होती. बसमध्ये तिने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्या खोलीत उभं राहीना.

"लिही," तो वळून म्हणाला. त्याने ड्रॉवरमधून कोरा कागद काढून तिच्यापुढे टाकला. "त्या पोरांसाठी. किती आहे ते लिही. जेवढं आहे तेवढं."

"ते घेणार नाहीत मग शेत."

"लिही म्हटलं ना."

तिने लिहिलं. लिटरभर मातीत चारशे बारा तुकडे, आणि हे आपल्या हयातीत नाहीसं होणार नाही. खाली सही केली. अल्गोटने कागद खिशात घातला, खुर्चीवर चढला, ओट्यावरची आईने लावलेली चौकट खिळ्यावरून काढली आणि तिच्या हातात दिली.

"हे तू ने."

"अल्गोट..."

"पाचची बस मिळेल तुला."

बटाटे भांड्यातच राहिले. चौकट मांडीवर घेऊन ती परतली.

जोडप्याने शेत घेतलं नाही. पुढच्या मिडसमरला बोलावणं आलं नाही, फोन केला तर अल्गोट उचलायचा नाही. शरदात मात्र पोस्टाने बरणी आली, नेहमीसारखी, झाकणाला दोरा बांधून. गुनवोरने आतबाहेर पाहिलं, चिठ्ठी नव्हती. तिने माती बादलीत कालवली, सकाळी साय काढली, भिंग घेऊन मोजली. चारशे एकोणसत्तर. तिने एका कार्डावर तेवढा आकडा लिहिला, खाली पूर्ण नाव घातलं, आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आली.